आखूड बांधलेला दोर

परवा येलदरीला गेले होते. माझ्या धाकट्या भावाने, शिवाने, नवी नाव घेतली. फायबरची, बाहेरून निळी, आतून पांढरी. तिला पाण्यात घालायची म्हणून घरच्या सगळ्यांना बोलावणं होतं. पालमहून एसटीने परभणी, तिथून जिंतूर, आणि पुढे शिवाच्या मोटारसायकलवर मागे बसून धरण, असा माझा सकाळपासूनचा प्रवास. काठावर नारळ फुटला, नावेच्या नाकाला हळदकुंकू लागलं, भावजयीने पेढे वाटले. शिवाने एक फेरी मारली आणि नाव काठाला आणली. उडी मारून उतरला, दोराचे दोन वेढे बाभळीच्या खुंटाला मारले, पाय रोवून आवळले, आणि नाव खुंटाला अशी भिडवली की मध्ये हात घालायला जागा राहिली नाही.

"कसं? आबाच्या हातची बांधणी हाय का न्हाई, अक्का?" त्याने विचारलं.

"हाय," मी म्हणाले आणि हातातला पेढा रुमालात बांधून ठेवला. शिवाला वाटलं, मला वडिलांची आठवण झाली. तो मोठ्या समजूतदारपणे दुसरीकडे बघायला लागला. आबांची आठवण मला रोजच येते, तिच्यासाठी दोर बघावा लागत नाही. मला त्या वेळी आठवला तो खाडीकाठचा एक म्हातारा, आणि वाटली ती लाज. बारा वर्षांची जुनी लाज आहे. ती आज सकाळपर्यंत कुणाला सांगितलेली नव्हती, आता इथे लिहायला बसले आहे.

आम्ही धरणावरची माणसं. आबा येलदरीच्या पाण्यात मासे धरायचे. रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ. त्यांची नाव पत्र्याची होती. दिवाळी झाली की ती काठावर उपडी घालून ते तिला डांबर लावायचे, आणि चार दिवस आमच्या भाकरीला, पाण्याला, माझ्या वेणीलासुद्धा डांबराचा वास यायचा. मला तो वास आवडायचा हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. मुलींनी नावेत बसू नये असं मला कुणी म्हणालं नाही, कारण शिवा माझ्यामागून आठ वर्षांनी जन्मला आणि तोवर दुसरं वल्हं मारायला घरात मीच होते. पहाटे जाळी काढायला गेलो की विजेच्या केंद्राची एकसुरी घरघर पाण्यावरून यायची. आबा बोलायचे नाहीत. मी बोलायचे, आणि ते "वल्हं मार" म्हणायचे.

ते पाणी दिसायला अफाट, पण वागायला शहाणं. पावसाळ्यात चढायचं, दिवाळीपर्यंत तिथेच बसायचं, मग बोटबोट उतरत उन्हाळ्यात पार खाली जायचं. मागे जी काळी ओली जमीन उघडी पडायची तिच्यावर लोक हरभरा टाकायचे, टरबुजं लावायचे. पाणी सोडायचं असलं तर आधी भोंगा वाजायचा. नाव बांधायचा खुंट आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी बदलत असू, इतकंच. भीती होती ती वाऱ्याची. दुपारनंतर वारा सुटला की काठाच्या दगडांवर नाव आपटायची आणि पत्रा फाटायचा. म्हणून आबांनी मला लिहायला यायच्या आधी दोर बांधायला शिकवलं.

"ढिला सोडायचा न्हाई," ते सांगायचे. "आवळून, आखूड. नाव हलली न्हाई पायजे. लय लाड केले की दगडावर जाती मग ती."

मी आखूड बांधायचे. ते येऊन दोर ओढून बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. न बोलणं म्हणजे शाबासकी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पुढे मी डी.एड. केलं आणि नोकरी लागली ती कोकणात. आमच्याकडच्या किती जणांच्या नशिबी ते आलं. माझं लग्न झालेलं होतं. नवरा पालमला, त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान. लेक दीड वर्षाची, तिला येलदरीला आईजवळ ठेवलं. आणि मी खाडीकाठच्या एका गावात, दोन शिक्षकी शाळेत, पत्र्याची एक पेटी आणि पाच किलो ज्वारीचं पीठ घेऊन. आईने माझ्या बदलीसाठी पोखर्णीच्या नरसिंहाला साकडं घातलं ते मी एसटीत चढायच्या आधीच.

खाडी मी पहिल्यांदा बघितली ती ओहोटीला. जिकडे तिकडे काळा चिखल, त्यात होड्या कुशीवर पडलेल्या, मधून पाण्याची एक रेघ. उग्र वास, खारट आणि कुजका. मला वाटलं, इथेही दुष्काळ. खोलीवर जाऊन झोपले, दुपारी उठून बाहेर आले तर समोर काठोकाठ पाणी आणि होड्या ऐटीत उभ्या. मी घरमालकिणीला विचारलं, "धरण सोडलं का हो?" ती हसता हसता ओट्यावर बसली. पुढे वर्षभर त्या गावात माझी ओळख तीच होती. धरण सोडलं का विचारणाऱ्या बाई.

पलीकडच्या काठावरच्या वाडीतून सात मुलं आमच्या शाळेत यायची. त्यांना आणायचं-सोडायचं काम गोविंदनानांकडे. नाना तेव्हा साठीचे असतील. उंच, वाळलेले, खांद्यावर कायम एक पंचा. आवाज मात्र इतका बारीक की वाऱ्यात ऐकू यायचा नाही, म्हणून ते हातांनी बोलायचे. बायको गेलेली. मुलगी सुमन, माझ्याच वयाची, आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. होडी फणसाच्या फळ्यांची होती, माशाचं तेल पाजलेली. त्या तेलाचा वास मुलांच्या गणवेशांना, वह्यांना, दप्तरांना असायचा. आजही एखादी जुनी वही उघडली की मी आधी वास घेते. अर्थात पालमच्या वह्यांना तो कुठून येणार.

शाळा सुटली की मी मुलांबरोबर होडीत बसून पलीकडे जायची आणि नानांबरोबर परत यायची. त्याला कारण होतं. पलीकडच्या टेकडीवर चढलं तरच फोनला रेंज यायची, आणि मला लेकीचा आवाज ऐकायचा असायचा. नाना माझ्यासाठी होडीत विडी ओढत थांबायचे. पहिल्या आठवड्यातच मी त्यांना म्हणाले, "नाना, मला वल्हं मारता येतं." त्यांनी माझे तळहात बघितले, आणि वल्हं दिलं. मी मारलं. ते म्हणाले, "हात बरा हाय. पण तुमचं पाणी झोपलेलं. हे जागं हाय."

आणि मग त्यांनी मला खाऱ्या पाण्याची रीत शिकवली. आधी तिथी विचारायची. मी घड्याळ दाखवलं तर म्हणाले, घड्याळ तुम्हाला, पाण्याला तिथी. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. "चार पाऊण तीन," ते बारीक आवाजात म्हणायचे, "पाच पाऊण पावणेचार, आठ पाऊण सहा." शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला पाऊणकी तोंडपाठ होती आणि मला, पगारी बाईला, बोटं मोजावी लागायची. मी ती त्यांच्याकडून शिकले आणि चौथीच्या वर्गाला शिकवली. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते आळसावतं. ओहोटी संपत आली की निघायचं, पाणी थांबलं की परतायचं. धावत्या पाण्याशी झोंबायचं नाही. होडीत उभं राहायचं नाही, मूल असो की मुख्याध्यापक. पाणी उपसायचा डबा दोरीने होडीलाच बांधलेला हवा, नाहीतर ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तोच आधी वाहून जातो. आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा जो दांडा होता, तो त्यांनी मला फक्त लांबून दाखवला. उतरतं पाणी आणि समुद्राचा वारा समोरासमोर आले की तिथे लाटा उभ्या राहतात. "तिथं हुशार माणूस जात न्हाय. हुशारी दाखवणारा जातो," ते म्हणाले.

प्रत्येक मुलाच्या पाठीला त्यांनी तेलाचे दोन रिकामे प्लास्टिकचे डबे बांधलेले असायचे, झाकणं घट्ट लावून. मूल पडलं तर तरंगेल म्हणून. मुलं डबे एकमेकांवर आपटत वाजवायची. एखादं रडत आलं तर नाना म्हणायचे, "आधी खाली बस, मग रड." निघताना ते काठाकडे तोंड करून सुमनला हाळी द्यायचे, "चाललो गो, सात हायत." पलीकडे पोचले की हात वर करून दाखवायचे, आणि सुमन हातातला डाव वर करायची. काठावर एका माणसाला तरी ठाऊक हवं, कोण गेलं आणि किती गेले. पावसाळ्यात, थंडीत, त्यांच्या अंगात ताप असतानासुद्धा ही हाळी चुकलेली मला आठवत नाही.

एवढं सगळं शिकवलं, पण दोर त्यांनी मला शिकवला नाही. धक्क्याला लागलं की दोर तेच हातात घ्यायचे. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत जात. खालच्या पायरीजवळ एक लोखंडी कडी होती, आणि अगदी वर दगडी खांब. नाना कडीकडे बघायचेसुद्धा नाहीत. वर चढून खांबाला बांधायचे, मध्ये भला लांब दोर ढिला सोडायचे, आणि मागून एक छोटा नांगर टाकून होडी दगडांपासून दूर ठेवायचे. पाणी चढो, उतरो, होडी मोकळी. हे मी रोज बघत होते. आणि रोज मनात म्हणत होते, आबांनी हा गबाळेपणा बघितला तर काय म्हणतील.

हे मात्र मला आता बाराएक वर्षं विचार करून नीट सांगता येतं. भरतीला होडी माणूसभर वर येते, हे माझ्या डोक्याला माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं. हात येलदरीचे होते.

त्या वर्षीचा शिमगा. कोकणात शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते. दिवसभर ढोल, गुलाल, अंगणात पालखी खांद्यावर घेऊन नाचणारे पुरुष, आणि मुंबईहून आलेली माणसं. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुलांना सोडून परत आलो. नानांनी खांबाला दोर बांधला, लांब सोडला. मी शेजारी चपला हातात घेऊन उभी होते. "उद्या पालखी आमच्याकडं," ते मला म्हणाले. "बाई, पुरणपोळीला या." आम्ही बरोबरच वर चढलो.

त्या रात्री घरमालकिणीच्या तारेच्या फोनवर नवऱ्याचा निरोप आला. लेकीला ताप आहे. एवढंच सांगून फोन तुटला आणि मग लागेना. सकाळी उठले तर गाव रिकामं. सगळे वरच्या देवळाकडे गेलेले, ढोलाचा आवाज येत होता. मी पाऊणकी केली. पंचमी, पाच पाऊण पावणेचार. म्हणजे ओहोटी पावणेदहाला. आठला निघाले, तर उतरत्या पाण्यात पलीकडे, आणि थांबलेल्या पाण्यात परत. हिशेब इतका चोख बसला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. काठावर सांगायला कुणी नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. नानांना शोधत देवळात जाणं जमलं असतं, पण ते "मी येतो" म्हणाले असते आणि त्यांच्या अंगणात पालखी यायची होती. शिवाय मुख्याध्यापकांनी बजावून ठेवलं होतं की शिक्षकांनी एकट्याने होडी न्यायची नाही. बदलीच्या यादीत माझं नाव होतं, कागद तालुक्याला पोचले होते. एक तक्रार आली असती तर ते तिथेच थांबले असते. मी डोक्यावर पदर घेतला आणि दोर सोडला.

टेकडीवर फोन लागला. ताप उतरला होता. आईने लेकीच्या कानाला फोन लावला. ती आधी नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "आई, तू कवा यायलीस?"

परत येताना मी वल्हं मारलं, पण मन खाडीवर नव्हतं. पाणी थांबलेलं होतं, पांढरे बगळे चिखलात उभे होते, उघड्या पडलेल्या चिखलाचा वास वाऱ्याशिवाय जागीच साचला होता. होडी धक्क्याच्या सगळ्यात खालच्या पायरीला लागली. समोर कडी होती. मी दोराचे दोन वेढे कडीला मारले, पाय रोवून आवळले, आणि हात सवयीने ओढून बघायला गेला. होडी हलली नाही. मागचा नांगर टाकायचा असतो हे आठवलंच नाही. साडेदहाला मी बायकांमध्ये उभी राहून पालखीवर फुलं टाकत होते, आणि मला बघून सुमनने गुलालाची चिमूट माझ्या गालाला लावली.

पाच वाजता कुणी तरी पाय धुवायला धक्क्यावर गेलं आणि ओरडत वर आलं. आम्ही सगळे खाली धावलो. पाणी उतरायला लागलं होतं. होडीचं नाक कडीशी घट्ट धरलेलं, बाकीची होडी पाण्याखाली. भरती चढत गेली तसं नाक वर येऊ शकलं नाही, पाणी आत शिरलं, ती बुडाली, आणि दुपारच्या समुद्रावरच्या वाऱ्याने तिला दगडांवर घातली. एका बाजूच्या तीन फळ्या फुटल्या होत्या. मुलांच्या पाठीचे डबे पाण्यावर तरंगत होते, दोन-दोन बांधलेले.

नाना पायरीवर बसले. त्यांनी कडीला हात लावला, दोराला लावला. "मी वर बांधली होती," ते म्हणाले. "खांबाला. लांब सोडली होती."

"मग इथं कुणी बांधली?" कुणी तरी विचारलं. मागून दुसरा हसला. "शिमगा हाय. नानांनी घेतली असेल थोडी." नाना बायको गेल्यापासून दारूला शिवले नव्हते, हे गावाला माहीत होतं. पण शिमग्याच्या दिवशी ते कुणाला आठवलं नाही.

नानांनी मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. "बाई, तुम्ही होतात काल. तुम्ही सांगा यांना. मी कुठं बांधली?"

ते माझ्यावर संशय घेत नव्हते. त्यांना साक्ष हवी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. बाईंचा शब्द म्हणजे त्या गावात लिहिलेला कागद. मी खरं सांगितलं असतं तर त्यांची होडी परत आली नसती, पण ते वाचले असते. निदान अर्धं खरं तरी सांगायचं होतं, की काल त्यांनी वर बांधली, मी बघितलं. तेवढंही नाही. कारण त्याच्यापुढचा प्रश्न आला असता, की मग आज कुणी सोडली.

"माझं लक्ष नव्हतं, नाना," मी म्हणाले.

त्यांनी पंचा खांद्यावरून काढला आणि तोंड पुसलं. कुणी तरी त्यांना दंडाला धरून वर नेलं.

उद्या सांगू, असं मी त्या रात्री ठरवलं. मग ठरवलं, गर्दी पांगल्यावर. मग परीक्षा झाल्यावर. माणूस स्वतःला किती सभ्य शब्दांत फसवतं. महिन्याभरात गावाची बैठक झाली आणि मुलं आणायचं काम इंजिनाची होडी असलेल्या दुसऱ्या माणसाला दिलं. म्हाताऱ्याचा आता भरवसा नाही, पोरांचा जीव आहे, असं ठरलं. कुणी वाईट बोललं नाही. नानांची होडी दुरुस्त झाली असती, पण त्यांनी ती केली नाही. ती धक्क्याच्या बाजूला उपडी पडून राहिली, आणि तिच्या खाली कोंबड्या बसायला लागल्या. नवा माणूस मुलांच्या पाठीला डबे बांधत नव्हता. निघताना हाळीही नाही. मुलं उभी राहून जायची. शाळेच्या खिडकीतून मी ते बघायची आणि चौथीला म्हणायची, पाढे म्हणा.

मे महिन्यात माझा आदेश आला. नाना एसटीपर्यंत आले. कोकमाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, आणि खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. म्हणाले, "लेकीकडं चाललात, बरं झालं." मला वाटलं, आता. गाडी सुरू व्हायला वेळ होता, चालक चहा पीत होता. मी म्हणाले, "नाना, तब्येतीला जपा." ते हसले. ते कोकम मी पालमला वर्षभर आमटीत घातलं, आणि घरात सगळ्यांना ते आवडलं.

त्याला बारा वर्षं झाली. लेक आता नववीत आहे, माझ्याहून उंच. तीन वर्षांपूर्वी सुमनच्या स्टेटसवर नानांचा फोटो दिसला, हार घातलेला. मी भावपूर्ण श्रद्धांजली असं लिहिलं आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. त्यानंतर दुपारची शाळा होती, मी शाळेत गेले. पण मला आता काही करायचं उरलेलं नाही असं वाटून मनातून जरा सुटल्यासारखंही झालं होतं, हेही लिहून टाकते. ज्याला सांगायचं तोच गेला. आता ते माझं एकटीचं.

शिवाचा दोर बघून आले आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या पाण्यात तसंच बांधायचं असतं. आज सकाळी नवरा दुकानात गेल्यावर मी सुमनला फोन लावला. तिने लगेच ओळखलं. "धरणवाल्या बाई," ती म्हणाली, आणि हसली. ती अजून त्याच शाळेत खिचडी शिजवते. मुलं आता चारच उरलीत. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी तिला म्हणाले, जरा बाजूला ये, आणि मग एका दमात सांगितलं. रंगपंचमीला होडी मी नेली. आणून कडीला मी बांधली. आदल्या संध्याकाळी नानांनी वर खांबाला बांधलेली मी डोळ्यांनी बघितली होती.

भांड्यांचा आवाज थांबला होता. ती कुठे तरी लांब जाऊन उभी राहिली असावी, वारा ऐकू येत होता.

"बाबा दोन वर्षं तेच म्हणत होते," ती म्हणाली. "मी वर बांधली, मी वर बांधली. जेवायला बसले की तेच. बाईंना पत्र लिही म्हणायचे, त्यांना आठवत असेल. मी म्हणायची, बाई म्हणाल्या ना लक्ष न्हवतं, आता कशाला त्यांना त्रास."

"सुमन," मी म्हणाले.

"ऐका हो. मी लय वैतागले होते. लोक त्यांना बघून हसायचे, तर मला वाटायचं, एकदाचं कबूल करतील तर विषय मिटेल. म्हणून रोज समजवायची. बाबा, वय झालं, होतं असं. तुमच्याकडनं चुकलं असं म्हणा, म्हंजे मन हलकं होईल. एक दिवस म्हणाले. मला केवढं बरं वाटलं त्या दिवशी. मग रोजच म्हणायला लागले. धक्क्यावर कोण पण आलं की हात जोडायचे. पोरांच्या आयांना पण. माझी चूक झाली, मीच आखूड बांधली. शेवटी शेवटी तर त्यांना दिसायला पण लागलं होतं, आपण कडीला बांधतोय ते. मला सगळं वर्णन करून सांगायचे."

मी तिला म्हणाले की चूक माझी होती, तिची नाही, आणि नानांची तर नाहीच. शब्द मला आधीपासून पाठ होते, ते बरोबर क्रमाने बाहेर आले. ती ते शेवटपर्यंत ऐकत होती.

"तुमचं कळलं, बाई," ती म्हणाली. "पण व्हय म्हणायला त्यांना मीच लावलं."